जोधपूरला वारलेला नागपूरचा राजा

नागपुरात राहणाऱ्या माणसाला सीताबर्डीची टेकडी चुकवून दिवस काढता येत नाही. आगगाडीतून उतरा, टेकडीच्या गणपतीला हात जोडा, बर्डीवर दिवाळीचे कापड घ्यायला निघा, टेकडी आपली उशाशी असतेच. तिच्यावर जो किल्ला दिसतो तो भोसल्यांचा नव्हे. लढाई जिंकल्यावर इंग्रजांनी तो बांधला, आणि आज तो आपल्या सैन्याच्या ताब्यात आहे. ठरावीक दिवशी तो लोकांना पाहायला मोकळा करतात. शाळेतली मुले वर जातात, तट पाहतात, इंग्रजी शिपायांची थडगी पाहतात आणि खाली उतरता उतरता हमखास एखादा चौकस मुलगा विचारतो, ‘‘गुरुजी, आपला राजा या लढाईत मेला का?’’

नाही. तो त्यानंतर तेवीस वर्षे जगला. इथून शेकडो कोसांवर, मारवाडात, जोधपूरच्या वेशीबाहेरच्या एका नाथपंथी देवळाच्या आसऱ्याने त्याचे अखेरचे दिवस गेले, आणि १५ जुलै १८४० रोजी तो तिथेच वारला. क्रमिक पुस्तकांतून दुसऱ्या मुधोजी उर्फ अप्पासाहेब भोसल्यांच्या वाट्याला फार तर दीड ओळ येते. ‘पळून गेला’ या दोन शब्दांवर ती ओळ संपते. पळून गेलेला माणूस पुढे कुठे गेला, कुणी त्याला जेवू घातले, कुणी दार लावून घेतले, हे मुलांना सांगायला तासिकेत वेळ नसतो. दिवाळीच्या सुट्टीत तो आहे, म्हणून हा प्रपंच.

अप्पासाहेबांची गोष्ट त्यांच्या चुलत्यापासून सांगावी लागते. थोरल्या रघूजींनी अठराव्या शतकाच्या मध्यावर गोंडांच्या नागपुरात भोसल्यांचे राज्य उभे केले आणि त्यांचे घोडे बंगालपर्यंत नेले. त्यांच्यामागे घरात भाऊबंदकी माजली. १७७५ साली पाचगावच्या लढाईत मुधोजीने सख्ख्या भावाला, साबाजीला, ठार मारले आणि नागपूरची गादी आपल्या मुलाकडे, म्हणजे दुसऱ्या रघूजीकडे, पक्की केली. घरातल्या घरात रक्त सांडण्याची रीत या वाड्याला नवी नव्हती, एवढे पुढच्या प्रकरणासाठी ध्यानात असलेले बरे.

दुसरे रघूजी १८०३ च्या युद्धात शिंद्यांच्या जोडीने इंग्रजांशी लढले. असईला हरले, अडगावला हरले, गाविलगड गेला, आणि डिसेंबरात देवगावच्या तहाने कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड हातचा गेला. एवढे गमावूनही एक गोष्ट मात्र त्यांनी शेवटपर्यंत केली नाही. इंग्रजांची तैनाती फौज त्यांनी आपल्या उंबऱ्यात घेतली नाही. रेसिडेंट आला, सीताबर्डीच्या पायथ्याशी त्याचा बंगला झाला, गोड बोलणी झाली, पिंढाऱ्यांची भीती घालून झाली. म्हातारा बधला नाही. बारातेरा वर्षे हा हट्ट त्यांनी चालवला. लोक त्यांना कंजूष म्हणत. ‘बडा बनिया’ हे त्यांचे टोपणनाव इंग्रजी पुस्तकांतही उतरले आहे. पण स्वतंत्र राहण्याची किंमत किती आणि तैनाती फौजेची किती, हा हिशेब त्या बनियाला बरोबर येत होता.

२२ मार्च १८१६ रोजी रघूजी वारले. मागे एकुलता एक मुलगा, परसोजी. वयाने तो पोरगा नव्हता, पण डोळ्यांनी गेलेला, अंगाने लुळा, आणि बुद्धीही यथातथाच. अशा माणसाला गादीवर बसवायचे म्हणजे त्याच्या मागे कोण बसणार हा प्रश्न आलाच. राणीवशात रघूजींची पत्नी बाकाबाई आणि तिच्या बाजूचा धर्माजी भोसले होता. खजिना आणि परसोजी दोघेही त्याच्या मुठीत होते. दुसऱ्या बाजूला रघूजींचे धाकटे भाऊ व्यंकोजी यांचा मुलगा अप्पासाहेब, वय जेमतेम वीस. अप्पासाहेबांनी चपळाई केली. धर्माजी कैद झाला आणि थोड्याच दिवसांत कैदेतच मारला गेला. परसोजी राजा झाले आणि अप्पासाहेब त्यांचे मुखत्यार.

आता वीस वर्षांच्या पोराने घर तर जिंकले, पण ते टिकवायचे कसे? वाड्यात निम्मे लोक विरुद्ध, फौजेचा पगार तुंबलेला. अशा वेळी सीताबर्डीच्या बंगल्यातला रिचर्ड जेन्किन्स मदतीला तयारच होता. १८१६ च्या मे महिन्यात, २७ तारखेच्या रात्री, गुपचूप, दरबाराला पत्ता लागू न देता अप्पासाहेबांच्या वकिलांनी तैनाती फौजेच्या तहावर सही केली. फौजेच्या खर्चाला वर्षाकाठी साडेसात लाख रुपये कबूल केले. चुलत्याने तेरा वर्षे दाराबाहेर ठेवलेला पाहुणा पुतण्याने दोन महिन्यांत माजघरात आणून बसवला. पुढे अप्पासाहेबांवर जे जे गुदरले त्याचे बीज मला या रात्रीत दिसते. इंग्रज आपल्या मदतीला आले आहेत असे त्यांना वाटले. त्या काळच्या पुष्कळ शहाण्या माणसांनाही तसेच वाटे, मग विशीतल्या तरुणाला काय दोष द्यावा?

यानंतरचे प्रकरण असे आहे की कादंबरीकाराच्या तोंडाला पाणी सुटावे आणि शाळामास्तराने तोंड आवरावे. अप्पासाहेब चांद्याकडे गेले होते. १ फेब्रुवारी १८१७ च्या सकाळी नागपूरच्या वाड्यात परसोजी अंथरुणात मेलेले आढळले. त्यांची पत्नी काशीबाई सती गेली. राजाला मूल नव्हते, तेव्हा अप्पासाहेब गादीचे वारस. गावात कुजबुज झाली. रेसिडेंटाच्या कानावरही ती आली. त्याने चौकशी केली, संशयाला बळकटी येण्याजोगे काही हाती लागले नाही असे ठरवले आणि अप्पासाहेबांना राजा म्हणून मानले.

पुढल्या वर्षी, अप्पासाहेबांना गादीवरून काढायचे ठरले तेव्हा, तीच चौकशी पुन्हा झाली. या वेळी साक्षी मिळाल्या. वाड्यातल्या माणसांनी सांगितले की परसोजींचा गळा दाबण्यात आला आणि हुकूम अप्पासाहेबांचा होता. एकच वाडा, तीच माणसे. १८१७ साली त्यांना काही ठाऊक नाही, आणि १८१८ साली सगळे ठाऊक. वकिली डोक्याचा माणूस म्हणेल की आधी राजाच्या भीतीने तोंडे बंद होती, राजा कैद झाल्यावर उघडली. हे शक्य आहे. दुसरा म्हणेल की आधी राजा हवा होता म्हणून चौकशी ढिली झाली, नको झाला तेव्हा घट्ट झाली. हेही शक्य आहे. माझे स्वतःचे मत विचाराल तर अप्पासाहेबांचे हात स्वच्छ असावेत असे मला वाटत नाही. धर्माजीचे काय झाले ते पाहता तसे वाटणे कठीण आहे. पण ज्या कागदाने त्यांना दोषी ठरवले त्या कागदावर न्यायासनाची शाई नाही, सोयीची शाई आहे, हेही मला तितकेच खरे वाटते.

आणि या सगळ्या वादात परसोजीची कुणाला फिकीर? जिवंत असताना तो कुणाच्या तरी मुठीत होता आणि मेल्यावर कुणाच्या तरी पुराव्यात. त्याला दिसत नव्हते. त्या रात्री खोलीत कोण आले हे त्याने पावलांवरून ओळखले असेल काय, या प्रश्नाने मला अनेकदा अस्वस्थ केले आहे.

राजा झाल्यावर अप्पासाहेबांना उमज पडू लागला. साडेसात लाख दर वर्षी भरायचे, फौज दुसऱ्याची, परराज्याशी बोलायचे तर रेसिडेंटाच्या तोंडाने. तिकडे पुण्यात दुसरे बाजीराव याच दावणीला बांधलेले आणि सुटायला धडपडणारे. दोघांची पत्रे सुरू झाली. जेन्किन्सला त्यांचा वास लागत होता, पण अप्पासाहेब भेटीत इतके मोकळे, इतके हसतमुख की हातात काही सापडू नये.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडाशी, ५ नोव्हेंबर १८१७ ला, खडकीची लढाई झाली. चारपाच दिवसांत लक्ष्मीपूजन. पुण्यात त्या वर्षी कुणी कशा पणत्या लावल्या असतील देव जाणे. त्यानंतर आठवडाभरात बाजीरावांना पुणे सोडावे लागले आणि १७ तारखेला शहर इंग्रजांच्या हाती गेले. इकडे नागपुरात पेशव्यांनी धाडलेली खिलत आणि सेनापतीपदाचा मान येऊन पोहोचला होता. २४ नोव्हेंबरला अप्पासाहेबांनी दरबार भरवून, जरीपटका उभारून, तो मान स्वीकारला. समारंभाला यावे म्हणून जेन्किन्सलाही निमंत्रण धाडले! तो अर्थातच गेला नाही. ज्या धन्याकडून ही वस्त्रे आली होती तो धनी तोवर राजधानी सोडून रानोमाळ झाला होता. खिलत अंगावर चढली तेव्हा तिच्यामागचे राज्य उतरलेले होते. असा मान स्वीकारायला धैर्य लागते की आंधळेपणा, हे मला आजवर ठरवता आलेले नाही. बहुधा दोन्ही थोडेथोडे.

२६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सीताबर्डीवर गोळ्या सुटू लागल्या. ही टेकडी म्हणजे खरे तर जोडटेकडी: एक थोरली, एक धाकटी, आणि मध्ये खिंडीसारखा सखल भाग. कर्नल स्कॉटच्या हाताखाली मद्रासच्या दोन पलटणी, बंगालचे थोडे घोडदळ, चार लहान तोफा; सारे मिळून दीडएक हजार माणसे. समोर नागपूरची फौज अठरा हजारांच्या घरात, आणि तिच्यात तीनचार हजार अरब. भोसल्यांच्या चाकरीतले हे अरब म्हणजे त्या काळचे मोठे कडवे शिपाई. इंग्रजांनाही त्यांची खरी धास्ती होती.

रात्रभर बंदुका चालल्या. धाकट्या टेकडीवर मारा इतका की तिथले शिपाई पुन्हापुन्हा बदलावे लागले. २७ ची सकाळ झाली आणि आठनऊच्या सुमारास अरबांनी उठाव करून धाकटी टेकडी घेतली. तिथली तोफ वळवून त्यांनी तीच थोरल्या टेकडीवर डागायला सुरुवात केली. त्या घटकेला नागपूरचे राज्य वाचले होते. टेकडीखालच्या बंगल्यात बायकापोरे होती, दारूगोळा संपत आला होता, रेसिडेंटाचा दुय्यम सॉदबी गोळा लागून ठार झाला होता. मग दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. पश्चिमेच्या मैदानात भोसल्यांचे घोडदळ पुढे सरकत असता बंगाल रिसाल्याचा कॅप्टन फिट्झगेराल्ड तीनेकशे स्वार घेऊन अंगावर गेला. त्याला आगळीक करू नये असा हुकूम होता असे म्हणतात, पण त्याने तो मानला नाही. त्याने ते घोडदळ उधळले आणि तोफा घेतल्या. नेमक्या त्याच वेळी धाकट्या टेकडीवर अरबांजवळच्या दारूच्या साठ्यात आग पडून भडका उडाला. त्या धुरातच वरचे शिपाई संगिनी लावून खाली धावले आणि टेकडी परत गेली. दुपारी बाराच्या सुमारास सारे शांत झाले. इंग्रजांकडची मेलेली आणि जखमी माणसे ३६७, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. सुमारे अठरा तासांची ही लढाई तोळ्यामाशाने फिरली.

या अठरा तासांत राजा कुठे होता? टेकडीवर चढणाऱ्यांत तो दिसत नाही. गणपतराव सुभेदार होते, मनभट होते, अरबांचे जमादार होते, अप्पासाहेब नव्हते. उलट लढाई हरताच त्यांचा वकील रेसिडेन्सीत हजर झाला: आमच्या हुकमावाचून हे घडले, आम्हांस फार वाईट वाटते. वाचकहो, इथे मात्र मला राजाची कीव करवत नाही. त्या टेकडीच्या उतारावर मेलेल्या माणसांना हुकूम कुणाचा होता हे ठाऊक होते.

डिसेंबरच्या १२ तारखेला जनरल डव्हटन मोठी फौज घेऊन आला. १६ ला सकाळी अप्पासाहेब स्वतः घोड्यावरून रेसिडेन्सीत येऊन स्वाधीन झाले. फौजेने मात्र सहजासहजी तोफा दिल्या नाहीत. त्या दिवशीही सक्करदऱ्याच्या बाजूला लढाई झाली. अरबांनी तर राजाचेही ऐकले नाही. ते शहरात तटाआड जाऊन बसले. आज आपण ज्याला गांधीगेट म्हणतो त्या जुम्मा दरवाज्यावर २४ डिसेंबरला इंग्रजांनी हल्ला चढवला आणि तो सपशेल फसला. शेवटी अरबांना सुखरूप जाऊ देण्याचे वचन देऊन ३० तारखेला शहर मोकळे करून घ्यावे लागले. महालात भाजी घ्यायला त्या दरवाज्याखालून रोज हजारो माणसे जातात. पगारासाठी परमुलुखातून आलेल्या शिपायांनी, राजा शरण गेल्यावरही चौदा दिवस आपले शहर धरून ठेवले, हे तिथून जाताना एकदा तरी आठवावे असे आहे.

६ जानेवारी १८१८ ला अप्पासाहेबांशी करार झाला. नर्मदेकाठचा मुलूख, गाविलगड आणि वऱ्हाडातले उरलेसुरले गेले. कारभारी रेसिडेंटच्या पसंतीचे. या अटींवर राजा वाड्यात परतला. दोन महिने कसेबसे गेले. बाजीराव वऱ्हाडच्या दिशेने येत होते, त्यांच्याशी पुन्हा कागद चालू असल्याचे रेसिडेंटाला कळले, आणि १५ मार्चला अप्पासाहेबांना नागोपंत व रामचंद्र वाघ या विश्वासू माणसांसह पकडण्यात आले. मग ती परसोजींच्या खुनाची चौकशी पुढे आली. अप्पासाहेबांना अलाहाबादच्या किल्ल्यात नेऊन ठेवायचे ठरले.

मे महिन्याच्या आरंभी कॅप्टन ब्राउन याच्या पहाऱ्यात कैदी निघाला. उन्हाळा, रात्रीचा प्रवास, दिवसा मुक्काम. जबलपुराच्या अलीकडे रायचूर नावाच्या मुक्कामावर १३ मेच्या पहाटे, काळोखातच, पहारा बदलला. नवे शिपाई आले, जुने गेले. गेलेल्यांत एक शिपाई जास्त होता. तो नागपूरचा राजा. कंपनीच्या शिपायाचा पोशाख चढवून, खांद्यावर बंदूक टाकून तो छावणीतून चालत बाहेर पडला. पहाऱ्यातले काही शिपाई आधीच फितवलेले होते, आणि तेही त्याच्याबरोबर पसार झाले. बिछान्यात उशी ठेवून दोन चाकर तिचेच पाय चेपत बसले होते, अशीही हकीगत सांगतात. ती खरी असो नसो, तिच्यात एक गंमत आहे. नागपूरच्या गादीवर दोन वर्षे काय चालले होते? तक्क्यावर कुणी तरी ठेवलेला असायचा आणि चाकर पाय चेपायचे.

इथून पुढचा अप्पासाहेब मला निराळाच माणूस वाटतो. गादीवर असताना जो कधी टेकडीवर चढला नाही, तो आता महादेवाच्या डोंगरात, पचमढीच्या आसपासच्या घनदाट रानात शिरला. हर्रईचा गोंड जमीनदार चैनशहा याने त्याला आसरा दिला. ज्या गोंडांचे राज्य याच्या पणजोबाने घेतले त्यांच्याच एका वंशाने याला झोपडीत जागा दिली, कोदो-कुटकीची भाकर दिली. पावसाळा लागला. डोंगरी नाल्यांना पूर आले आणि इंग्रजांच्या पलटणी खालीच अडकल्या. नागपुरातून, वऱ्हाडातून, बुऱ्हाणपुरातून बेकार अरब आणि शिपाई एकएक करून डोंगरात जमू लागले. जुलैत कॅप्टन स्पार्क्सची तुकडी बैतूलजवळ कापली गेली, मुलताई घेतली गेली. अप्पासाहेबांना धरून देणाराला एक लाख रुपये रोख आणि वर जहागीर, असा जाहीरनामा निघाला. त्या गोंडकोरकूंच्या गावांत एक लाख म्हणजे किती हे मोजणारा माणूसही सापडला नसता. पण मोजता येणारेही तिथे पुष्कळ होते, आणि कुणीही राजाला विकले नाही. नागपूरच्या वाड्यात हे भाग्य त्याला कधी लाभले नव्हते.

तोवर इकडे नवी व्यवस्था झालीही होती. २६ जून १८१८ ला दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा, दहा वर्षांचा बाजीबा, तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसला. बाकाबाई त्याची पालक झाली आणि कारभार जेन्किन्सच्या हाती गेला. बाकाबाई! नागपूरकर अजून तिला क्षमा करायला तयार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारीतून काळी मारबत निघते. ती म्हणजे इंग्रजांना मिळालेली बाकाबाई, असे इथे सांगतात. १८८१ पासून ही मिरवणूक चालू आहे आणि पोरेसोरे आरोळ्या ठोकत गावाची इडापिडा तिच्यासंगे हाकलून देतात. मजा म्हणून ठीक आहे. पण इंग्रजांच्या फौजेला रातोरात आत घेणारा तहनामा बाकाबाईने केला नव्हता. तो ज्याने केला त्याची मारबत कुणी काढत नाही, कारण तो नंतर लढला आणि भटकला. बाई मागे घरात राहिली, नातवाला धरून बसली आणि मोडका वाडा तिने सावरला. राहणाऱ्यांपेक्षा निघून जाणारे लोकांना प्रिय असतात की काय कोण जाणे.

हिवाळा आला, पाणी उतरले, आणि इंग्रजांच्या तुकड्या चारी बाजूंनी डोंगरात शिरल्या. १८१९ च्या फेब्रुवारीत अप्पासाहेब थोडे स्वार घेऊन असीरगडाच्या रोखाने निसटले. बरोबर पिंढाऱ्यांचा म्होरक्या चितू होता. चितूची वाट वेगळी झाली आणि काही दिवसांतच रानात वाघाने त्याला खाल्ले. असीरगड शिंद्यांचा. किल्लेदार यशवंतराव लाड याने फरारी राजाला थारा दिल्याच्या संशयावरून इंग्रजांनी किल्ल्याला वेढा घातला. ९ एप्रिल १८१९ ला किल्ला पडला. आत शिरून पाहतात तो अप्पासाहेब नाहीत.

यानंतर तो हिंदुस्थानच्या नकाशावर कधी इथे तर कधी तिथे दिसतो. फकिराच्या वेषात तो उत्तरेकडे गेला. लाहोरच्या रणजितसिंगाच्या राज्यात काही काळ राहिला. पण रणजितसिंगाने १८०९ मध्येच इंग्रजांशी अमृतसरचा तह केला होता. एका परागंदा मराठ्यासाठी सतलजेपलीकडच्या शेजाऱ्याशी वैर घेण्याइतका तो भोळा नव्हता. तिथून अप्पासाहेब हिमालयाच्या कुशीत, मंडी संस्थानात, गेले. मऱ्हाटी जिभेच्या माणसाला त्या बर्फाळ डोंगरात कुणाशी काय बोलता येत असेल? १८२९ च्या सुमारास तो मारवाडात उतरला.

जोधपूरचा महाराजा मानसिंग हा असामीच न्यारी. तरुणपणी जालोरच्या किल्ल्यात तो भाऊबंदाच्या वेढ्यात अडकला होता. शरण जाणार इतक्यात आयस देवनाथ नावाच्या नाथपंथी साधूने सांगितले, आणखी थोडे दिवस दम धर. त्याने धरला. वेढा घालणारा भीमसिंग मेला आणि १८०३ साली मानसिंग जोधपूरच्या गादीवर बसला. तेव्हापासून नाथ हेच त्याचे सर्वस्व. शहराबाहेर त्याने ८४ खांबांचे महामंदिर उठवले. त्याच्या आवारात जो शिरला त्याला कुणी हात लावायचा नाही, असा तिथला रिवाज होता. अप्पासाहेब त्या आवारात जाऊन बसले.

इंग्रजांनी त्यांना मागितले. मानसिंगही काही स्वतंत्र राजा नव्हता. त्यानेही कंपनीशी तह केला होता, आणि योगायोग पाहा, त्या तहाची तारीखही ६ जानेवारी १८१८ आहे, म्हणजे अप्पासाहेबांच्या करारनाम्याचाच दिवस. एकाच दिवशी दोघांनी आपली मान दिली होती. तरीसुद्धा मानसिंगाने कळवले की शरण आलेल्याला देता येत नाही. लाहोरच्या सिंहाने जे केले नाही ते जोधपूरच्या मांडलिकाने केले. फार ताणाताणी झाल्यावर, कैद्याने कुठे हालचाल करू नये, त्याच्या वर्तनाची हमी महाराजांनी घ्यावी, एवढ्यावर इंग्रजांनी समाधान मानले. एव्हाना त्यांना या माणसाचे भय उरले नव्हते, हेही एक कारण असेलच.

अशी अकराएक वर्षे गेली. महामंदिराच्या सावलीत नागपूरचा राजा दिवस काढत होता. जेन्किन्स १८२७ साली नागपूर सोडून गेला. जाताना त्याने नागपूरच्या मुलखाचा जो विस्तृत अहवाल लिहिला तो आजही इथल्या इतिहासाचा पाया आहे, हे कबूल करावेच लागते. विलायतेत तो चढत गेला आणि १८३९ साली ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला. पुढल्या वर्षी, जुलैच्या मध्यावर, त्याचा जुना कैदी मारवाडात वारला. वय चव्वेचाळीसच्या आसपास. माझ्याच वयाचा तो. मी आजवर नागपूर सोडून आठपंधरा दिवसांपलीकडे कुठे राहिलो नाही, आणि तेवढ्यातही जीव संत्र्यांच्या आंबटगोड वासासाठी कासावीस होतो. तो बावीस वर्षे बाहेर होता.

परंतु राजे असे एका दमात मरत नाहीत. फ्रान्सच्या सोळाव्या लुईचा कोवळा मुलगा १७९५ मध्ये पॅरिसच्या तुरुंगात दहाव्या वर्षी मेला, आणि त्याच्यामागे ‘तो मीच’ म्हणणाऱ्यांची रांग लागली. त्यांतला नॉनडॉर्फ नावाचा एक घड्याळजी थेट १८४५ पर्यंत तेच म्हणत जगला. फ्रान्सचे कशाला, पानिपतात हरवलेल्या सदाशिवरावभाऊंचा तोतया आपल्या पुण्याने पाहिला आहे, आणि १७७६ साली त्याला देहांत शासन दिले आहे. अप्पासाहेबांचेही तसेच झाले. ते वारून नऊ वर्षे लोटली असता, १८४९ साली, निजामाच्या अमलाखालच्या वऱ्हाडात एक माणूस उभा राहिला आणि म्हणाला, मी नागपूरचा अप्पासाहेब. त्याच्याभोवती रोहिल्यांची आणि इतर लढवय्यांची चांगली मोठी जमात गोळा झाली. तिला मोडण्यासाठी हैदराबादच्या कंटिंजंट फौजेला इंग्रज अधिकाऱ्यांसह रानात उतरावे लागले, लढाया द्याव्या लागल्या, आणि तेव्हा कुठे तो माणूस हाती आला. तो कोण, कुठला, याच्याशी त्याच्यामागे जाणाऱ्यांना फारसे कर्तव्य नसावे. ३१ वर्षांपूर्वी शिपायाच्या वेषात छावणीतून चालत निघालेला राजा अजून कुठे तरी चालतोच आहे, अशी वऱ्हाडातल्या त्या गावांची समजूत होती, आणि तो दाराशी आला असे कळताच लोकांनी त्याला घोडा दिला.